आडनावाच्या रकान्यात गजानन

सुमो दारात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, आणि अण्णा तिच्या बॉनेटवर माझी कागदपत्रं मांडून शेवटची तपासणी करत होते. आमचे वडील सांगलीच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. गावातल्या निम्म्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले त्यांच्या हस्ताक्षरात आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांच्या दाखल्यांतल्या चुका त्यांनी कधी ना कधी काढून दाखवलेल्या आहेत. तिकीट, प्रवेशाचं पत्र, फोटोंचं पाकीट असं एकेक उचलून ते बाजूला ठेवत होते. पासपोर्टपाशी आले तेव्हा थांबले. त्यातली चूक त्यांना तीन आठवड्यांपूर्वीच सापडली होती, तरी त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

"पोचलास की पहिलं हे दुरुस्त करून घ्यायचं," ते म्हणाले. "आडनाव म्हणजे काय टोपी आहे का, वाऱ्यानं उडाली की दुसरी घ्यायला?"

"आधी पोचू दे की त्याला तिकडं," आई म्हणाली आणि माझ्या तळहातावर दही ठेवलं.

चूक अशी होती. आमच्या वेळच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होई: सोनवडेकर शिरीष गजानन. आधी घराणं, मग मी, मग वडील. पासपोर्टचा अर्ज भरणाऱ्या एजंटाने ते तीन शब्द त्याच क्रमाने रकान्यांत ओतले. त्यामुळे माझं नाव झालं सोनवडेकर शिरीष, आणि आडनाव गजानन. दुरुस्तीला टाकला असता तर पासपोर्ट वेळेत परत येण्याची खात्री नव्हती, आणि विद्यापीठ माझ्यासाठी थांबणार नव्हतं. म्हणून मी वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावून सुमोत बसलो. गाडी वळेपर्यंत अण्णा हात हलवत उभे होते असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात ते ड्रायव्हरला टपावरची दोरी सैल असल्याचं सांगत होते.

आयर्लंडमध्ये, लिमरिकला पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकाने हजेरीच्या कागदावरून पुकारलं, "मिस्टर गजानन?" मी मागे वळून पाहिलं. सवयच तशी. आपल्याकडे वडिलांचं नाव मुलाने उगाच तोंडात घ्यायचं नाही. घ्यायची वेळ आलीच तर पुढे 'श्री' आणि मागे 'राव' अशा दोन रखवालदारांसह घ्यायचं. इथे कॉफीचा कागदी कप हातात धरलेला एक बाप्या ते खुशाल वर्गभर फिरवत होता. मी हात वर केला. त्या हाताने पुढचं सगळं ठरवलं, हे तेव्हा कळलं नाही. ग्रंथालयाचं कार्ड, बँक, खोलीचा करार, पदवी, नोकरीचा परवाना, लग्नाची नोंद. एका कागदाची साक्ष दुसरा कागद देतो, आणि पहिला खोटं बोलला असला तरी पुढचे सगळे प्रामाणिकच असतात.

अण्णांचा फोन दर रविवारी. तब्येत, पाऊस, जेवण, आणि मग: "ते झालं का?" दुरुस्तीसाठी डब्लिनला जावं लागे, तिथे भारतातून आणखी कागद मागत, ते कागद अण्णांनीच मिळवले असते. तरी माझं होत नव्हतं. एका रविवारी, परीक्षा तोंडावर होती, खोलीतल्या हीटरने संप केला होता, आणि मी म्हणून टाकलं, "झालं, अण्णा."

"शाबास," ते म्हणाले.

अण्णा मला उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा शाबास म्हणाले असतील. त्यातलं एक असं गेलं.

कंटाळा हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. जे तिकडे राहिले त्यांना हे वाचून वाईट वाटेल, जे माझ्यासारखे निघून आले त्यांना कदाचित वाटणार नाही: मला त्या चुकीत एक मोकळेपणाही सापडला होता. सांगलीत मी कुठेही गेलो तरी 'सोनवडेकरांचा शिरीष' म्हणून पोचत असे, माझ्याआधी माझी माहिती पोचलेली असे. इथे गजानन नावाच्या माणसाचा आगापिछा कुणाला ठाऊक नव्हता. पहिली दोन-तीन वर्षं तो हलकेपणा अंगाला छान लागला. नंतर त्याची सवय झाली. आणि त्यानंतर असं होऊ लागलं की सुपरमार्केटच्या रांगेत उभं असताना, आपण कुठलं तरी सामान ट्रेनमध्ये विसरलो आहोत आणि ट्रेन पुढे गेली आहे, असं उगाचच वाटायचं. पिशव्या मोजायच्या. सगळ्या असायच्या.

आता मी ॲथलोनजवळच्या एका कारखान्यात काम करतो. तिथे शिरेत घालायच्या बारीक नळ्या बनतात. माझं खातं क्वालिटीचं: खोक्यावरचं लेबल, आतल्या पाकिटावरचं लेबल आणि रेकॉर्डमधली नोंद जुळते की नाही हे पाहायचं. एवढासा फरक दिसला तरी आख्खी बॅच थांबवायचा मला अधिकार आहे, आणि मी तो वापरतो. माझं 'सोनवडेकर शिरीष' हे नाव उच्चारायला तिथल्या मंडळींनी आठवडाभर प्रयत्न केला, मग सगळ्यांनी मिळून आडनावाचं 'गॅज' करून टाकलं. "हाऊ आर या, गॅज?" "ग्रँड." हा आमचा रोजचा सुसंवाद. स्वतःच्या घरातली बॅच मात्र मी तशीच पुढे जाऊ दिली. मुलगी झाली, रेवा. तिच्या जन्मदाखल्यावर आडनाव गजानन.

माझ्या शेजारच्या टेबलाशी सोलांज बसते. ती मॉरिशसची. चेहरा चिनी, इंग्रजी फ्रेंच वळणाचं, आणि पूर्ण नाव सोलांज चॅन कॉय मिन. कारखान्याच्या एका यादीत ती मिस मिन आहे, दुसऱ्या यादीत मिस कॉय मिन, आणि ती दोन्हींना ओळख दाखवते. मी एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तिचे पणजोबा पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा कारकुनाने नाव विचारलं. त्यांनी चिनी रीतीने सांगितलं: आधी घराणं चॅन, मग स्वतःचं नाव कॉय मिन. कारकुनाने तिन्ही शब्द आडनाव म्हणून लिहून घेतले. तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक पोर पुढे एक फ्रेंच नाव आणि मागे आख्खे पणजोबा घेऊन जगात हिंडतं.

मला हे ऐकून जो आनंद झाला तो शोभणारा नव्हता. आडनाव आधी सांगणाऱ्या माणसांचं असं होणारच, आणि ते माझ्या एकट्याचं झालेलं नाही.

सोलांजने एका बाद लेबलाच्या पाठीवर ते चॅन नावाचं चिनी अक्षर काढून दाखवलं. हेच अक्षर, ती म्हणाली, उत्तरेकडचे लोक चेन वाचतात, हाँगकाँगकडचे चॅन, मलेशिया-सिंगापूरला गेलेल्यांपैकी बरेच जण टॅन, आणि व्हिएतनाममध्ये त्याचं ट्रान होतं. जो ज्या बंदरातून निघाला त्याने तिथला उच्चार बरोबर नेला, आणि जिथे उतरला तिथल्या कारकुनाने त्यात आपली भर घातली. मग आम्हाला नादच लागला. रेवाचा हात मोडला तेव्हा लिमरिकच्या इस्पितळात प्लास्टर घालणारे डॉक्टर टॅन होते, मलेशियातल्या पेनांगचे. पोर्टलीशला एक नर्स आहे, ट्रान. ॲथलोनमध्ये टेकअवे चालवतात ते मिस्टर चॅन. आयर्लंडच्या मधोमध, तासा-दीड तासाच्या अंतरात एकाच अक्षराची चार माणसं. जेवायला एका टेबलाशी बसवली तर त्यांना इंग्रजीतच बोलावं लागेल.

"आमचा म्हणे एक राजा होता," सोलांज म्हणाली. "चेन नावाचं छोटं राज्य होतं. शेजारच्या मोठ्या राज्याने ते गिळलं. राजघराण्यातली माणसं पांगली आणि गेलेल्या राज्याचं नाव आडनाव म्हणून लावू लागली. जगातले सगळे चेन, चॅन, टॅन त्या राजाचे वंशज."

"सगळे?"

"सगळे. कोट्यवधी. राजाच्या स्वयंपाक्याचे वंशज कुठे गेले, ते कुणी विचारत नाही."

आमच्याकडे राजा नाही, पण समिती आहे. सोनवडेकर कुलमंडळ. त्याचं संमेलन भरतं, त्यात मांडव असतो, बोधचिन्ह असतं, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ एकमेकांना शाल-श्रीफळ देतात, आणि एका काकूंनी रचलेलं कुलगीत सर्वांना उभं राहून ऐकावं लागतं. सोनवडे नावाची गावं एकाहून जास्त आहेत. त्यातलं आपलं कोणतं यावरून मंडळात दोन गट आहेत आणि दोन्ही गटांकडे ताम्रपटाच्या तोडीचा पुरावा आहे, म्हणजे कुणाच्या तरी आजोबांनी सांगितलेलं. मला यातली एकच गोष्ट खरी वाटत आली आहे. सोनवड्यात राहणाऱ्या कुणाला सोनवडेकर म्हणत नाहीत. तिथून निघून दुसरीकडे गेला त्यालाच तिथले लोक ते नाव देतात. म्हणजे आमचा मूळ पुरुष, कुलवृत्तांताच्या पहिल्या पानावर ज्याचं नाव जाड ठशात छापलंय तो, मुळात गाव सोडलेला माणूस होता. मंडळाच्या भाषणांत हे कधी येत नाही. तिथे मुळं फार असतात.

या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे संपादक अण्णा. निवृत्तीनंतर त्यांना मिळालेलं हे जन्माचं काम. नियमही त्यांनीच घातला: जो सोनवडेकर हे नाव लावत नाही, त्याची शाखा तिथेच थांबवायची. इंदूरच्या माझ्या चुलतभावाने, माधवने, दुकानाच्या पाटीवर बसत नाही म्हणून 'कर' गाळून सोनवडे केलं. अण्णांनी त्याला कडक पत्र लिहिलं आणि त्याची शाखा थांबवली. माधवची दोन मुलं त्या पुस्तकात जन्मलीच नाहीत. आई गेली तेव्हा माधव आला, बारा दिवस राहिला, सगळं केलं, आणि अण्णांशी एक शब्द बोलला नाही.

गेल्या वर्षी अण्णांनी फोनवर सांगितलं की आवृत्ती छपाईला जाते आहे, परदेशातल्यांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी त्या विभागासाठी जन्मदाखल्याची प्रत मागितली आहे. "रेवाची प्रत काढून ठेव. मेमध्ये मी येतोच आहे, तेव्हा बघतो." आयुष्यात पहिल्यांदा ते विमानात बसणार होते. व्हिसाच्या कागदांवर माझं नाव असणार होतं, म्हणून ती फाईल माझ्या मेव्हण्याने परस्पर भरली आणि अण्णांच्या हाती फक्त पासपोर्ट परत जाईल अशी व्यवस्था मी केली. हे लिहिताना लाज वाटते. करताना वाटली नव्हती, करताना मी फार कार्यक्षम होतो.

माझी योजना साधी होती. इथे डीड पोल नावाचा प्रकार असतो: वकिलासमोर सही करायची आणि नाव बदललं. माझं आणि रेवाचं दोघांचं सोनवडेकर करून टाकायचं, अण्णा यायच्या आत. रेवा सोळा वर्षांची असल्यामुळे तिची सहीही लागणार होती. मी कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं.

"नो वे, बाबा," रेवा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण ते कानातून आत जातं आणि तोंडातून इंग्रजी होऊन बाहेर येतं, तेही इथल्या हेलाचं. तिचं पुढचं बोलणं मराठीत असं होतं: "मी रेवा गजानन आहे. शाळेत, कमोगीच्या टीममध्ये, सगळीकडे. कोण हे सोनवडेकर? तू गेलायस का कधी त्या गावाला?"

नव्हतो गेलो. अण्णा एकदा गेले होते, तेही चुकीच्या सोनवड्याला, असं दुसऱ्या गटाचं म्हणणं.

"आजोबांसाठी," मी म्हणालो.

"पण हे आजोबांचंच नाव आहे ना?"

मी मुग्धाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, मदतीसाठी पाहिलं. ती प्रेसमध्ये डबे लावत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणू लागलोय. लग्नानंतर तिने स्वतःचं आडनाव कायम ठेवलं, त्यामुळे या प्रकरणात ती एकटीच निर्दोष. पाठ न वळवता ती म्हणाली, "शिरीष, खोटं तू बोललास. त्यावर तिची सही कशाला?"

कागद मी घडी करून ठेवला.

अण्णा आले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन स्वेटर आणि कानटोपी, हातातल्या पिशवीत औषधं आणि कुलवृत्तांताची मुद्रितं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाखल्याची प्रत मागितली. मी म्हणालो, शोधतो. चौथ्या दिवशी म्हणालो, कार्यालयातून आणावी लागेल. पाचव्या दिवशी त्यांना माझं विद्यापीठ बघायचं होतं म्हणून लिमरिकला गाडीने घेऊन गेलो. सगळं दाखवलं, नदीवरचा पूल, मी राहायचो ते घर. परतताना पाऊस लागला. वाटेत एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. अण्णा समोर बघत बसले होते.

"अण्णा, पासपोर्टवरची ती चूक मी कधी दुरुस्त केलीच नाही."

त्यांनी सीटचा पट्टा सोडला.

"सगळ्या कागदांवर आडनाव गजाननच आहे."

"रेवाचं?"

"तिचंही. मी बदलायला निघालो होतो. ती नाही म्हणाली."

काचेवरून पाणी उतरत होतं. मग त्यांनी कारकुनी आवाजात चौकशी सुरू केली. "कामावर तुला काय म्हणतात?"

"गॅज."

"काय?"

"गॅज. गजाननचं."

"आणि तू ओ देतोस?"

"देतो."

"माझ्या नावाला."

"हो."

त्यांनी कानटोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी केली. "मी तुला शाबास म्हटलं होतं," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस ते जेवले, फिरायला गेले, रेवाची कमोगीची मॅच उभं राहून पाहिली. हॉकीसारखा पण जास्त निर्दय असा तो मुलींचा खेळ आहे. मैदानाच्या कडेला उभ्या आयरिश आया "कम ऑन, गजानन!" म्हणून ओरडत होत्या. अण्णा शेजारी ताठ उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी मुद्रितं उघडून ते बसले, आणि माझ्या लक्षात आलं की ते कुठलं पान उघडून बसले आहेत. आमचं. शिरीष, पुढे एक रेघ, रेवा. त्यांचाच नियम, त्यांच्याच हातात लाल पेन. एकुलता एक मुलगा, त्याची एकुलती एक मुलगी. रेघ कुठे थांबवायची हे त्यांना ठरवायचं होतं.

रविवारी सोलांज जेवायला आली. ते आधीच ठरलेलं होतं, नाहीतर मी टाळलं असतं. अण्णांनी तिला नमस्कार केला, आमटीला नावं ठेवली (मी केली होती), आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव इतकं लांब का, हेही विचारलं. मी मधे बसून भाषांतर करत होतो, आणि पणजोबा आणि धक्क्यावरचा कारकून ही गोष्ट सांगताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अण्णांना त्यात माझ्यासाठी काही दिसलं की नाही कळेना. त्यांचं सगळं लक्ष त्या कारकुनावर होतं.

"गाढव माणूस," ते म्हणाले. "पुन्हा विचारायला काय झालं होतं? बरं, मग यांनी नंतर दुरुस्त का नाही करून घेतलं?"

सोलांजने भाताचा घास संपवला. "काही जणांनी केलं. टोरांटोतले माझे काका परत नुसते चॅन झाले. आता तिथल्या डिरेक्टरीत चॅन इतके आहेत की काका सापडत नाहीत. आम्ही ठेवलं. जगात हे तीन शब्द एकत्र कुठेही दिसले की तो माणूस त्यांचाच असतो. दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही."

मी भाषांतर केलं. अण्णा ऐकत होते.

"तुमच्या वंशावळीत मुली लिहितात?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी नाही लिहायचे. मी पत्र पाठवलं तेव्हा काकांनी मला शेवटच्या पानावर घातलं. पत्त्यांच्या वर." मग तिला काहीतरी आठवलं. "आमच्या बेटावर मराठी लोक आहेत, त्यांना सांगा. माझ्या वर्गात होते. त्यांचीही आडनावं अशीच. बोटीतून जो आजोबा उतरला त्याचं नुसतं नाव. गाव, घराणं काही नाही, तो एक माणूस."

मी सांगितलं. अण्णांनी मला पुन्हा सांगायला लावलं, आणि या वेळी जेवायचे थांबले.

"म्हणजे तिथं तो मूळ पुरुष," ते स्वतःशीच म्हणाले.

सोमवारी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा ते टेबलाशी बसले होते. समोर पान. माझ्या नावापुढची रेघ त्यांनी तोडली होती. आडवी, पट्टी लावून, लाल. मी बूट घालायचा थांबलो. नियम म्हणजे नियम, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"बस," ते म्हणाले. "पुढचं वाच."

रेघेखाली त्यांच्या दाखल्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आयर्लंड येथे स्थलांतर. पुढील पिढ्यांसाठी पाहा: गजानन कुळ.' आणि स्वतंत्र कोऱ्या कागदावर: 'गजानन कुळ, आयर्लंड. मूळ पुरुष: गजानन रामचंद्र सोनवडेकर, सांगली (हयात). दुसरी पिढी: शिरीष. तिसरी पिढी: रेवा.'

रेवा शाळेच्या गणवेशात टोस्ट खात मागून आली आणि वाकून पाहू लागली. तिला देवनागरी अक्षरं जुळवत वाचावी लागतात. "रे-वा," ती म्हणाली. "दॅट्स मी." मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली, आणि "दॅट्स यू, आजोबा. यू आर नंबर वन."

"आहे की," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "माधवचं पान परत घातलंय. दोन्ही पोरं घातली आहेत. त्याला फोन लावून दे मला."

"अण्णा, माझं..."

"तुला मी काही माफबिफ केलेलं नाही. फोन लाव."

मी लावला. माधवने घेतला. अण्णा पहिल्यांदा फक्त म्हणाले, "मी गजानन बोलतोय." मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. त्या दिवशी कामावर उशीर झाला, आणि कुणीतरी "मॉर्निंग, गॅज" म्हणालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

अध्यक्षांचा आक्षेप अपेक्षेप्रमाणे आला. मूळ पुरुष हयात कसा असू शकतो? कुलवृत्तांताच्या परंपरेत असं उदाहरण नाही. अण्णांनी स्पीकरवर सांगितलं, "मग थोडं थांबा, तेही होईल." पान छापलं गेलं.

पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. मी त्यात दोनदा आहे. एका घराण्याच्या पानावर मी शेवटचा, दुसऱ्याच्या पानावर मधला. अण्णा सोनवडेकर आहेत आणि त्यांना त्यात शंका नाही. रेवा गजानन आहे आणि तिला त्याहूनही नाही. पान उलटताना मधे जी कागदाची कड बोटाला लागते तिथे कुठेतरी मी राहतो असं मला वाटतं. तक्रार नाही. पण स्वस्थ बसवत नाही. नकाशात सोनवडे उघडून बघतो, मग दुसरं सोनवडे, मग बंद करतो. मुग्धा म्हणते, एकदा जाऊन ये तरी. जाऊन काय करणार? तिथे उतरल्यावर लोक विचारणार, कुठले तुम्ही?

अण्णा परत गेल्यापासून रविवारचा फोन चालू आहे. तब्येत, पाऊस, जेवण, माधवची मुलं. इतकी वर्षं फोन ठेवण्याआधीचं त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "घरी कधी येतोयस?" मी कधी तारीख सांगायचो, कधी विषय बदलायचो. गेल्या रविवारी त्यांनी आधी विचारलं, "तिकडची गजानन मंडळी काय म्हणतात?" मी म्हणालो, सगळे ठीक. मग थोडं थांबून, माझ्या लक्षातही येऊ नये इतक्या सहज, ते म्हणाले, "इकडं कधी येतोयस?"

घरी म्हणाले नाहीत. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो, आणि मुग्धाने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मला ते मराठीत सांगता आलं नाही, इंग्रजीतही नाही.